बदलायचं नाही ना कुठं?

‘‘जॉर्जिया? म्हणजे अटलांटाच ना? मग जाता जाता क्लायंटला पण भेटून ये की!’’

माझा रजेचा अर्ज बघून बॉसची ही पहिली प्रतिक्रिया. म्हटलं, सर, ते अमेरिकेतलं जॉर्जिया. मी चाललेय ते दुसरं. काळ्या समुद्राच्या काठचं, कॉकेशस पर्वताच्या पायथ्याचं. राजधानी त्बिलिसी.

‘‘काय लिसी?’’

आधी अर्धा ‘त’, मग ‘बि’... जाऊ दे. अर्ज मंजूर झाला हे महत्त्वाचं.

ही गोष्ट ऑक्टोबर २०२३ची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंडिगोनं दिल्ली ते त्बिलिसी थेट विमानसेवा सुरू केली आणि आमच्या लंच टेबलवर एकदम भूगोलाचा तास भरायला लागला. तोवर ‘फॉरेन ट्रिप’ म्हणजे बँकॉक, दुबई, बाली आणि लग्नानंतर युरोप, एवढाच नकाशा होता. आता मात्र जो तो बाकू, ताश्कंद, अल्माटी करायला लागला. कॉलेजात ज्या देशांचं नावही पेपरात आलं नाही, तिथे आमची मंडळी फोर्टी-थर्टी केके एवढ्या सहजपणे ‘लाँग वीकेंड’ ठरवायला लागली.

आमचंही ठरलं. मी आणि दोन मैत्रिणी. दसऱ्याच्या सुट्टीला रजा जोडल्या, ई-व्हिसा काढला, हॉटेलची बुकिंग, विमा, परतीचं तिकीट सगळ्याच्या प्रिंट काढून फाइल केली. दिल्लीहून त्बिलिसी हवाई अंतर सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर, वेळ साधारण पाच-साडेपाच तास. शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून कोथरूडला पोचायला लागणारा वेळ आठवला, की हे काही फार वाटत नाही!

मुळात अशा छोट्या राजधान्यांना आपल्याकडून थेट विमानं का सुटायला लागली, हे मला एका एव्हिएशनवेड्या कलीगनं समजावलं होतं. पूर्वी लांबचा पल्ला म्हणजे मोठं, दोन बोळांचं विमान. त्यातल्या तीनशे सीटा भरायच्या तर पलीकडे लंडन किंवा सिंगापूरच हवं. त्बिलिसीची लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. पुण्याचा एक कोपरा म्हणा ना! तिथे रोज तीनशे माणसं कुठून आणणार? पण २०१६ पासून नव्या इंजिनांची एका बोळाची विमानं आली. जुन्यापेक्षा इंधन साधारण पंधरा टक्के कमी खाणारी आणि जास्त लांब उडणारी. दोनशेच्या आसपास सीटा भरल्या की झालं. थोडक्यात, मोठी एसटी परवडत नव्हती त्या गावाला आता जीप सुरू झाली.

जीपमध्ये कोण कोण बसतं, ते मात्र मला दिल्ली एअरपोर्टवर कळलं.

चेक-इनच्या रांगेत मला वाटलं होतं, सगळे आमच्यासारखेच असतील. गळ्यात कॅमेरा, पायात ट्रेकिंगचे बूट आणि इन्स्टाग्रामसाठी आधीच ठरवलेल्या पोज. तसे होतेच. पण निम्म्याहून जास्त रांग वेगळीच होती. एकोणीस-वीस वर्षांची पोरंपोरी, प्रत्येकाजवळ स्वतःपेक्षा मोठी बॅग. कुणाच्या बॅगेतून कुकरची शिट्टी डोकावतेय, कुणी जमिनीवर बसून मॅगीची पाकिटं या बॅगेतून त्या बॅगेत भरतोय. वजनकाट्यापाशी तर बाजार भरलेला. ‘‘तेरे में कितना हुआ?’’ ‘‘तेवीस झालं रे!’’ हिंदी, मल्याळम, तेलुगू आणि मध्येच खणखणीत मराठी.

ही सगळी एमबीबीएसची पोरं. इथे खाजगी कॉलेजची फी ऐकून ज्यांच्या घरात शांतता पसरते, अशा घरांतली. पूर्वी अशी कितीतरी पोरं युक्रेनला जायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि ज्या देशांकडे ओढा वाढला त्यांत जॉर्जिया होतं. आपल्या वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे परदेशातला कोर्स किमान ५४ महिन्यांचा, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, सगळं एकाच कॉलेजात आणि इंग्रजी माध्यमातून व्हायला हवं. परत आल्यावर पात्रता परीक्षा वेगळीच. म्हणजे एकदा गेलं की साडेपाच-सहा वर्षांची निश्चिती.

आम्ही चार दिवसांच्या ट्रिपसाठी तीन जॅकेटं घेतली होती. गप्पच बसले.

सिक्युरिटीच्या रांगेत माझ्यापुढे एक काकू होत्या. पन्नाशीच्या. नऊवारी नाही हो, साधी सिंथेटिक साडी, वर पुरुषी स्वेटर, पायात नवेकोरे स्पोर्ट्‌स शूज. त्यांची पिशवी मशीनमध्ये गेली आणि पट्टा थांबला. जवानानं पिशवीतून एक जड पितळी नळकांडं काढलं. वर गोल फिरणारी मूठ.

‘‘ये क्या है माताजी?’’

‘‘सोऱ्या.’’

‘‘क्या?’’

‘‘सोऱ्या, सोऱ्या! चकलीचा!’’ काकूंनी हवेत मूठ फिरवून दाखवली. त्यामुळे जवानाचा चेहरा आणखीच गंभीर झाला.

शेवटी मी पुढे झाले. भैया, मुरुक्कू होता है ना, दिवाली में, वो बनाने का मशीन. त्यानं झाकण उघडलं, आतली चांदणीची चकती पाहिली, मूठ दोनदा फिरवली आणि हसून म्हणाला, ‘‘हमारे यहां सेव बनाते हैं इस से.’’ सोऱ्या पास झाला.

‘‘कुठं जायलीस पोरी?’’ काकूंनी विचारलं. त्बिलिसी म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. ‘‘मी पण. बरं झालं बाई तू भेटलीस.’’

आणि विमानात मैत्रिणीशी सीट बदलून मी त्यांच्या शेजारी बसले.

काकू लातूर जिल्ह्यातल्या. काकांचं खताचं आणि बियाण्याचं दुकान. ऐन रब्बीचा हंगाम, त्यात दोन तिकिटांचे पैसे... म्हणून काकू एकट्याच. रात्रीच्या बसनं पुणे, पुण्याहून दिल्ली, आणि आता हे. आयुष्यातला विमानप्रवास एकूण दोन वेळा, तोही त्याच दिवशी! मुलगी तिसऱ्या वर्षाला. ‘‘डाक्टरकी शिकायलीय.’’ दोन वर्षांत तिचं कॉलेज, खोली, गाव, काही काही पाहिलेलं नाही. जे पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर, तेही पोरगी जेवढं दाखवील तेवढंच.

‘‘मग आधी का नाही गेलात?’’ मी सहज विचारलं.

‘‘मधी विमान बदलावं लागायचं न.’’

मला आधी समजलंच नाही. विमान बदलायचं म्हणजे काय, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं! कॉफी प्यायची, वाय-फाय शोधायचं. आम्ही तर मुद्दाम जास्त वेळाचा लेओव्हर घेतो, शॉपिंग होतं म्हणून.

काकूंनी त्यांच्या बाजूनं सांगितलं. ‘‘दिल्लीत मी चार जणांना हिंदीत विचारलं, कुठं जायचं, काय करायचं. तिथं दुबई का इस्तंबूलला उतरल्यावर कुणाला विचारू? ते इंग्रजी बोलणार नाय तर अरबी. पाट्या मला वाचता येईनात. सोळा-सतरा तास कुठं बसू? आन् तेवढ्यात विमान सुटलं तर? ना इकडची ना तिकडची.’’

पोरीनं फोनवर सांगितलं, आई, आता थेट विमान झालंय, दिल्लीत बस आणि माझ्यापाशी उतर. त्या दिवशी काकू पासपोर्टच्या मागे लागल्या.

मग थोड्या वेळानं, खिडकीकडे बघत, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या सासूबाई गेल्या. पोरीला त्यांनीच वाढवलेलं, कारण काकू दुकानात. निरोप कळला तेव्हा पोरगी रडत रडत तिकीट शोधायला लागली. त्या दिवशीचं मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीचं मिळालं ते मध्ये अठरा तास थांबणारं. मग मुंबई, मग रेल्वे. पोचली चौथ्या दिवशी. तोवर राखही सावडून झाली होती.

‘‘घरी आली, आजीच्या पलंगापाशी गेली आन् उभीच राहिली. पलंग आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवला होता.’’

यावर काय बोलणार? मी मनातल्या मनात गणित केलं. थेट विमान असतं तर दिल्ली, मग हैदराबाद किंवा पुणे, मग रस्त्यानं लातूर. आजीचं शेवटचं दर्शन मिळालं असतं की नाही, ते त्या दिवशी सीट मिळाली असती का यावर. पण निदान राख सावडायला तरी ती असती. माझ्यासाठी ‘डायरेक्ट फ्लाइट’ म्हणजे वाचलेली एक रजा. काकूंच्या घरात त्याचा अर्थ केवढा वेगळा होता.

त्बिलिसीत उतरलो. घड्याळ दीड तास मागे केलं. इमिग्रेशनच्या रांगेत काकू पुटपुटत होत्या. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. नीट ऐकलं तर इंग्रजी! पोरीनं पाठ करून घेतलेली तीन वाक्यं. काचेपलीकडच्या तरुण ऑफिसरनं तोंड उघडायच्या आत काकूंनी ती एका दमात म्हणून टाकली. ‘‘आय गो टू माय डॉटर. शी स्टडी डॉक्टर. आय गो बॅक आफ्टर दिवाळी.’’ आणि प्लॅस्टिकची फाइल पुढे सरकवली. त्यात कॉलेजचं पत्र, पोरीच्या राहण्याच्या परवान्याची प्रत, विमा, परतीचं तिकीट. तिनं एकेक कागद शांतपणे पाहिला. ‘दिवाळी’ म्हणजे कधी, ते तिला परतीच्या तिकिटावरून कळलं असावं. ठप्प! शिक्का.

(तुम्हीही जाणार असाल तर काकूंकडून एवढं शिका. कागद मोबाइलमध्ये नाही, हातात ठेवा. आणि कुठे राहणार, कधी परतणार, याचं उत्तर तयार ठेवा.)

बाहेर पोरगी उभी होती. भेटीचं वर्णन करत नाही, ते त्या दोघींचं. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. मिठी, रडणं, ‘‘किती वाळलीस गं’’ वगैरे झाल्यावर पोरगी वळली आणि टॅक्सीवाल्याशी जॉर्जियनमध्ये घासाघीस करायला लागली. फाडफाड! वॉर्डातल्या पेशंटशी बोलायचं म्हणजे ती भाषा शिकावीच लागते. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. आपल्या पोरीच्या तोंडून आपल्याला न समजणारी भाषा... चेहऱ्यावर कौतुक होतं आणि आणखीही काहीतरी. व्हिडिओ कॉलवर हे कधी दिसलं नव्हतं.

नंबरांची देवाणघेवाण झाली आणि आम्ही आमच्या रस्त्याला लागलो. गंमत म्हणजे एअरपोर्टहून शहरात जाणाऱ्या या रस्त्याला चक्क जॉर्ज बुश यांचं नाव आहे! ते २००५ मध्ये इथे येऊन गेले होते. बॉसला लगेच फोटो पाठवला. म्हटलं, सर, अमेरिका लागली.

पुढचे तीन दिवस आम्ही टुरिस्टांनी करायचं ते सगळं केलं. केबल कारनं नारिकला किल्ल्यावर गेलो. अबानोतुबानीच्या गंधकाच्या गरम पाण्यात तासभर डुंबलो. वास उकडलेल्या अंड्यांचा येतो, पण अंग असं मोकळं होतं म्हणता! रुस्तावेली स्टेशनवर मेट्रोचा सरकता जिना उतरताना पोटात गोळा आला, एवढा तो खोल. सोव्हिएत काळातली ही मेट्रो १९६६ पासून चालतेय. तेव्हा एक लारी म्हणजे साधारण तीस-एकतीस रुपये होते आणि एका लारीत मेट्रोचा प्रवास होत होता.

शाकाहारी मंडळींनो, घाबरू नका. ‘लोबिओ’ मागवा, मातीच्या भांड्यात येणारा तो आपला राजमाच. सोबत मक्याची भाकरी, तिला ‘म्चादी’ म्हणतात. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी आहेत. बटाटा किंवा मश्रूम घातलेली ‘खिंकाली’ म्हणजे मोदकाची थोरली बहीण. फक्त वरच्या शेंडीला धरायचं आणि शेंडी खायची नाही. होडीच्या आकाराच्या पावात चीज, लोणी आणि वर कच्चं अंडं घातलेली ‘अजारुली खाचापुरी’ एकटीनं संपवू नका. मी संपवली. बोलत नाही.

आपल्या गोव्याचा या शहराशी एक धागा आहे, तो मात्र मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हता. पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासनं धर्म बदलण्यासाठी तिचा छळ केला, ती बधली नाही. १६२४ मध्ये शिराझला तिला मारण्यात आलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी १६२७ मध्ये ओल्ड गोव्याला आणल्या आणि सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये ठेवल्या. पुढे चर्च कोसळलं, अवशेष मातीखाली गेले. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात ते सापडले. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये डीएनए तपासणी झाली. अखेर जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतला एक भाग त्बिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

शिराझहून गोवा, गोव्याहून घर. मध्ये जवळजवळ चारशे वर्षांचा लेओव्हर! हा जोक मैत्रिणीला सांगता सांगता माझा मलाच नीट करता आला नाही. चौथ्या दिवशी पोचलेली पोरगी आठवली. घरचं माणूस शेवटी घरी यावं, एवढ्यासाठी लोक काय काय करतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकूंचा फोन. ‘‘जेवायलाच या, तिघी पण.’’ मेडिकल युनिव्हर्सिटी मेट्रो स्टेशनजवळच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या, चार मुली. काकूंनी तीन दिवसांत स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. दिवाळीला तीन आठवडे होते, पण सोऱ्या कामाला लागलेला. एक केरळची मुलगी चकल्या पाडत होती आणि काकू मराठीतून तिला ‘हात हलवू नको, गोल फिरव’ सांगत होत्या. तिला कळतही होतं. घरमालकीण आजी दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी अक्रोडाच्या माळेवर द्राक्षाच्या रसाचा जाड थर चढवलेली ‘चुर्चखेला’ आणली होती. काकू म्हणाल्या, ‘‘आधी मला वाटलं मेणबत्ती दिली. देवापुढं लावणारच होते.’’

दोघी आज्यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

निघताना काकूंनी चकल्यांची पिशवी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘पोरगी बरी राहतीय गं. मला उगाच काय काय वाटायचं.’’ बस्स, एवढंच बघायला त्या आल्या होत्या.

नवीन मार्ग सुरू होतो तेव्हा पेपरात रिबन कापल्याचा फोटो येतो. मार्ग आखडतो तेव्हा फोटो नसतो. २४ एप्रिल २०२५ला पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मोठे वळसे पडायला लागले. ताश्कंद आणि अल्माटी तर त्या विमानांच्या टप्प्याबाहेर गेली आणि इंडिगोला तिथली उड्डाणं थांबवावी लागली. आमच्या लंच टेबलवर चर्चा झाली ती ट्रिप कॅन्सल झाल्याची आणि रिफंडची.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. परीक्षा संपली की पोरगी सुट्टीला येणार होती, आणि टीव्हीवर सारखं आकाश बंद, आकाश बंद चाललेलं.

मी त्यांना जमेल तसं समजावलं. काकू, वळसा पडेल, तास वाढतील. तिकीट महाग होईल. कदाचित मध्ये इंधन भरायलाही थांबावं लागेल. निघायच्या आधी पुन्हा वेळापत्रक बघायला सांगा तिला.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काकू म्हणाल्या,

‘‘थांबू दे की. तास लागू दे किती लागायचे ते. बदलायचं नाही ना कुठं?’’

तेव्हापासून कुणी नवीन डायरेक्ट फ्लाइटची बातमी सांगितली, की मी आधी तिकिटाचा रेट विचारत नाही. त्या गावात कुणाची पोरं शिकतात, ते विचारते.